ना-हरकत बंड

भाच्याला भिंत मिळाली. चार भिंती मिळवायला पुण्यात वीस वर्षांचं कर्ज काढावं लागतं. याला एकच मिळाली, तीही पाच दिवसांपुरती, तरी ताईने पेढे वाटले. कारण भिंत रंगवायची होती आणि रंगवण्याचे पैसे मिळणार होते. तोवर भाचा भिंतीकडे निघाला की ताईचं लक्ष फोनकडे असायचं, चौकीतून कधी वाजतो म्हणून.

प्रसंग असा होता की एका मैदानावर दोन दिवस स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकलींच्या कसरती होणार होत्या. आयोजक त्याला 'ॲक्शन स्पोर्ट्स' म्हणतात. आमच्या आळीत त्याला 'हौसेने हात मोडून घेणे' म्हणतात. प्रायोजक होती एक पेय विकणारी कंपनी. हे पेय प्यायल्यावर झोप येत नाही, एवढंच मला त्याबद्दल ठाऊक आहे. मैदानाच्या मागच्या चाळीस फुटी भिंतीवर त्यांना ग्राफिटी हवी होती. पत्रात लिहिलं होतं: 'रांगडी, बंडखोर, बेधडक.' त्याखाली सोळा अटी होत्या. पहिली अट, लेखी मंजुरीशिवाय भिंतीवर एकही रेघ मारायची नाही.

भिंत कोरी नव्हती. डावीकडे मूळव्याध आणि भगंदर बिनऑपरेशन बरं करणारे एक डॉक्टर होते. त्यांच्या शेजारी 'दहावी नापास? थेट बारावी!' असा दिलासा होता. मधोमध एका पक्षाने मागच्या निवडणुकीला 'आरक्षित' असं लिहून ठेवलेलं आणि उजव्या कोपऱ्यात बदाम, बदामात बाण. यापैकी कुणीही कुणाचीही परवानगी घेतलेली नव्हती. भाच्याने मात्र वॉर्ड ऑफिसचं पत्र, मैदानाच्या ट्रस्टची ना-हरकत, चौकीची पोच, विम्याचा कागद आणि स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र अशी फाइल केली. हमीपत्रात त्याने लिहून दिलं होतं की तो मालमत्तेचं विद्रूपण करणार नाही. ग्राफिटी करणाऱ्याने असं लिहून देणं म्हणजे तबलजीने आवाज करणार नाही असं लिहून देणं.

1995 हे साल या बाबतीत मोठं गमतीचं आहे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 'एक्स्ट्रीम गेम्स' झाले, ज्यांना पुढे जग एक्स गेम्स म्हणू लागलं. स्केटबोर्डवाल्या उनाड पोरांना तिथून टीव्ही, पदकं आणि प्रायोजक मिळाले. आणि त्याच सालचा आपल्या राज्याचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सव्वीस वर्षांत पोरं ऑलिंपिकला पोचली. टोकियोत 2021 साली तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक घेतलं. (आपल्याकडे तेराव्या वर्षी आयआयटीचा फाउंडेशन कोर्स घेतात.) कायदाही जागच्या जागी आहे. फक्त भगंदरवाल्या डॉक्टरांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

भाच्याने पहिल्या दिवशी भिंतीला पांढरं प्रायमर मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन आला: "आमची जाहिरात कोणाच्या परवानगीने पुसलीत?" भाच्याने फाइलमधली पाचही पत्रं व्हॉट्सॲपवर पाठवली. डॉक्टरांकडून अंगठा आला, आणि मागोमाग नव्या दवाखान्याचा पत्ता.

मग रंग. साध्या माणसाला वाटतं रंग म्हणजे रंग. आयोजकांच्या बैठकीत भाच्याला कळलं की भगवा घेतला तर एक अर्थ निघतो, हिरवा घेतला तर दुसरा, निळा घेतला तर तिसरा. लाल प्रतिस्पर्धी पेयाचा. पिवळ्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती, पण तेच संशयास्पद वाटून तो बाजूला ठेवला गेला. प्रायोजकाचा स्वतःचा एक खास जांभळा होता, त्याला एक नंबर होता, आणि त्या नंबरचा स्प्रेचा डबा बाजारात मिळत नव्हता. सर्वांना चालेल असा एकच रंग उरला, सिमेंटचा. तो भिंतीला मुळातच होता.

शब्दावर दोन तास गेले. भाच्याने 'सुसाट' सुचवला. एक सदस्य म्हणाले, शहरातली वाहतूक पाहता हा शब्द जबाबदार आहे का? शेवटी चित्रातल्या पोराला हेल्मेट, गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड घालून 'सुसाट' मंजूर झाला. बंडखोराच्या अंगावर आता इतकं संरक्षण होतं की तो स्केटबोर्डवरून पडला असता तर स्केटबोर्डलाच लागलं असतं.

इथे कारागिरीचं थोडं सांगायला हवं, कारण ती मला फार आवडली. एवढ्या मोठ्या भिंतीवर पट्टीने चौकोन आखत बसत नाहीत. आधी वाट्टेल त्या खुणा मारतात: गोळे, फुल्या, अक्षरं, बाण, जे हाताला येईल ते. मग भिंतीचा फोटो काढून मोबाइलमध्ये त्यावर मूळ चित्र ठेवतात. पोराचा गुडघा कुठे तर या फुलीच्या वर, चाक कुठे तर त्या गोळ्याच्या डावीकडे, असं बघत बघत चित्र उतरवतात. भाच्याने अशा खुणांनी भिंत भरली. त्यात ताईने सांगितलेली किराण्याची यादी होती, एका मैत्रिणीचं आद्याक्षर होतं आणि त्याचं स्वतःचं नाव होतं, तो रात्री लिहायचा तसं, गाठी मारलेल्या अक्षरांत.

नेमके तेव्हाच कंपनीचे अधिकारी पाहणीला आले. पाच मिनिटं गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "हेच! हेच हवं होतं आम्हाला. इथेच थांबा." भाच्याने सांगितलं की साहेब, ही नुसती आखणी आहे, हा साबुदाणा एक किलो आहे. साहेबांचा विश्वास बसेना. चित्र पुरं झाल्यावरही ते दोनदा म्हणाले की पहिल्या दिवशी जो जिवंतपणा होता तो गेला.

पुढचे तीन दिवस परांचीवर. डबा आधी नीट हलवावा लागतो, आतली गोळी खुळखुळते. जाड फवाऱ्याच्या फॅट कॅपने आतलं भरायचं, बारीक स्किनी कॅपने कडा काढायच्या, आणि हात चालता ठेवायचा, कारण हात थबकला की ओघळ आलाच. वर देवनागरी! इंग्रजी अक्षरं सुटी असतात, कशीही वाकवा, आपल्या अक्षरांना शिरोरेषेने एका दोरीवर वाळत घातलेलं असतं. भाच्याने त्या दोरीचाच रॅम्प केला: 'सुसाट'च्या शिरोरेषेवरून पोरगं घसरत येतं आणि 'ट'वरून हवेत झेपावतं. सुचणं म्हणतात ते हे. मी मामा असूनही सांगतो.

पण खाली पुणं उभं होतं. एका आजोबांनी विचारलं, "हा उकार ऱ्हस्व की दीर्घ?" भाच्याने उकाराचा बाण केला होता. "ऱ्हस्वच आहे, आजोबा." "मग टोक इकडे का? आणि 'ट'पाशी शिरोरेषा तुटलीय." "तिथून तो उडी मारतो." "उडी मारायची तर मारू दे, रेषा पुरी करून मारू दे." संध्याकाळी ते आणखी दोघांना घेऊन आले. भाच्याने शेवटी पोराच्या चाकाखाली एक बारीक रेघ ओढून शिरोरेषा जोडली. कंपनीचे सोळा बदल त्याने दात-ओठ खात केले होते. हा सतरावा त्याने मुकाट केला, आणि चित्र त्या बदलाने सुधारलं असं माझं मत आहे.

भांडण लागलं ते सहीवरून. प्रायोजकाला भिंतीचा एक तृतीयांश भाग हवा होता, तो दिला. त्याबद्दल मी भाच्याला समजावलं की बाबा रे, ही जुनी रीत आहे. कार्ल्याच्या लेण्यात जा. वैजयंतीच्या भूतपाल शेठने व्हरांड्यातच कोरून ठेवलंय की हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. आतल्या खांबांवर कुठला खांब कुणाच्या पैशाने झाला त्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकटाचे यवनही आहेत. छिन्नी चालवणाऱ्या बहुतेकांची नावं मात्र शोधून सापडत नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, पण लेणं म्हणजे ग्राफिटी नाही."

पोराचं म्हणणं खरं होतं. न्यूयॉर्कमध्ये निरोप पोचवण्याचं काम करणारा, 183व्या रस्त्यावर राहणारा एक मुलगा जाईल तिथे 'टाकी 183' लिहायचा. 1971 साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग शहरभर पोरं आपापली नावं लिहीत सुटली. ना चित्र, ना संदेश, ना घोषवाक्य. फक्त मी होतो, इथून गेलो, एवढंच. ग्राफिटी म्हणजे मुळात स्वतःचं नाव. कंपनीच्या भिंतीवर कंपनीचं नाव, डब्याचं चित्र, कंपनीचं घोषवाक्य, ट्रस्टचं सौजन्य, वॉर्डाचे आभार आणि स्कॅन करायचा चौकोन, एवढं सगळं बसलं. कोपऱ्यात चार इंच सहीला मात्र अधिकारी म्हणाले, "नको हो, भिंत घाण दिसते."

त्याचं नाव आहे तिथे, प्रायमरच्या वर आणि रंगाच्या खाली, साबुदाण्याच्या शेजारी. शिवाय बिलावर आहे, तीन ठिकाणी, पॅन कार्डावर आहे अगदी तसं. बिलाला नव्वद दिवसांची मुदत आहे.

कार्यक्रम उत्तम झाला. पोरं हवेत उडत होती, निवेदक घसा फोडून 'नियम मोडा' म्हणत होता, आणि आम्हाला स्वयंसेवक दोरीच्या आत येऊ देत नव्हते. रविवारी रात्री रॅम्प सुटे करून ट्रकमध्ये भरले आणि नेले. सोमवारी संध्याकाळी शेजारच्या वस्तीतली तीन पोरं एका जुन्या स्केटबोर्डवर पाळीपाळीने भिंतीपुढच्या फरशीवर घसरत होती. रखवालदाराने बोर्ड जप्त केला.

बुधवारी 'सुसाट'च्या बरोबर खाली ट्रस्टने पत्र्याची पाटी ठोकली. अक्षर वळणदार आहे, शिरोरेषा कुठेही तुटलेली नाही: 'येथे स्केटिंग, सायकल व बॅट-बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकूमावरून.'