लिंबातली टाचणी

यंदाच्या उन्हाळ्यात बीदर जिल्ह्यात भालकीकडच्या आणखी एका कुलकर्ण्यांच्या वाड्याचं अंगण खणून झालं. काय सापडलं ते आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. गुटख्याच्या चंदेरी पुड्या, बैलाचा नाल, सोड्याच्या बाटलीची दोन झाकणं आणि निजामाच्या वेळची तांब्याची दोन पै. दोन पै म्हणजे नाणं एकच. वाचकांनी घोटाळा करू नये. वाड्यातल्यांनी केला, आणि ‘दुसरी पै कुठाय?’ म्हणत थोरल्या पातीच्या पुतण्याने मधल्या पातीच्या पुतण्याची कॉलर धरली.

पूर्वी गुप्तधन हुडकायच्या या कामाला पायाळू माणूस लागायचा. पायांकडून जन्मलेला, डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसायचं म्हणे. आता मूल पायाळू आहे म्हटलं की डॉक्टर सिझेरियन करून मोकळे होतात, त्यामुळे गुप्तधनाच्या धंद्यात मनुष्यबळाची टंचाई आहे. ती भाड्याच्या मशीनने भरून काढली. खाली थाळी, वर दांडा, कानाला हेडफोन. धातू आला की ‘टुंईं’ वाजतं. पुतणे पुण्यात कंप्युटरवर नोकरी करणारे, विज्ञानावर त्यांचा पूर्ण विश्वास. फक्त एकट्या विज्ञानावर नाही. म्हणून मशीन सुरू करायच्या आधी दांड्याला लिंबू बांधलं. नुसतं नव्हे, सात टाचण्या टोचलेलं, काळ्या दोऱ्याने लोंबतं, थाळीच्या वर जेमतेम वीतभर.

आता पुढचं नीट वाचा. मशीन धातू शोधतं. टाचणी धातूची असते. मशीनवाला थाळी डावीकडून उजवीकडे फिरवायचा, तसं लिंबू उजवीकडून डावीकडे झुलायचं, आणि मशीन म्हणायचं टुंईं. ढाळजेत टुंईं, तुळशीजवळ टुंईं, न्हाणीच्या मोरीत टुंईं. जिथे टुंईं तिथे कुदळ. मोरीजवळ काही निघालं नाही तेव्हा जाणकारांनी सांगितलं, धन सरकतंय. सरकत्या धनाला आवर घालायचा म्हणून दुसरं लिंबू बांधलं. आणखी सात टाचण्या. आता मशीन थांबेचना, तेव्हा सगळ्यांची खात्रीच पटली की अख्खा वाडा बहमनी सोन्यावर उभा आहे. चौदा टाचण्यांवर अकरा खड्डे पडले, म्हणजे टाचणीमागे खड्ड्याचा भाव एकाच्या आतच राहिला, हे त्यातल्या त्यात समाधान. एका नातवाने, वय वर्षं नऊ, ‘लिंबू काढून बघा ना’ असं सुचवलं. त्याला घरात पाठवण्यात आलं.

बहमनी सोन्याचं म्हणाल तर या बाबतीत बहमनींची राजधानी असलेल्या बीदरचा अनुभव फार जुना आहे. १४८१ मध्ये महमूद गवान या वजिराला सुलतानाने मारलं आणि लगेच त्याची तिजोरी तपासली. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की खासगी पैसा म्हणून निघाली ती थोडकी नाणी. राज्य चालवणाऱ्याच्या घरात जे सुलतानाला सापडलं नाही, ते कुलकर्ण्याच्या मोरीत निघावं अशी आमची अपेक्षा. १९४८ च्या रझाकारीत लोक रातोरात सोलापूरकडे निघाले तेव्हा दागिने परसात पुरले, हेही आमच्याकडे घरोघरी सांगतात. पण सांगणारी आजी पुढचंही सांगते, पोलिस ॲक्शननंतर परतल्यावर आधी ते उकरून काढलं, मग चूल पेटवली. हे पुढचं कुणी ऐकत नाही.

कायदाही आहे बरं का. १८७८ चा, केंद्राचा; कर्नाटकाने १९६२ मध्ये आपला वेगळा केला, पण हिशेब जुन्याचाच सांगतो. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दावेदार कुणी निघाला नाही तर बारा आणे ज्याला सापडलं त्याचे, चार आणे जागामालकाचे. मालक कोण? पहाणीवर, म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर, अजून पणजोबांचं नाव, वारसाचे कागद कन्नडात, जुनं खत उर्दूत, भांडण मराठीत. सहा कलदार (इंग्रजी रुपये) म्हणजे सात हाली (निजामाचे रुपये) हा हिशेब पूर्वी शेंबड्या पोराला यायचा. दोन पैचे चार आणे, त्याचे अकरा भाऊबंद, हे गणित मात्र इंजिनिअरांनाही सुटलं नाही. आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं म्हणाल तर भर उन्हाळ्यात अंगणात तशी एकच वस्तू होती. लिंबू.

हसून झालं असेल तर आता माझं ऐका. या वाड्याचं माळवद चार वर्षं गळतंय. मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा असतो, चार गडी दोन दिवसांत करतात. वाड्यात या पुतण्यांच्या काकू एकट्या राहतात, दर वर्षी फोन करतात, पुतणे दर वर्षी ‘बघू’ म्हणतात. मातीला पैसे नाहीत, मशीनला आहेत. ज्वारीचं बळद फोडलं, का तर आतून पोकळ वाजलं. बळद पोकळच असतं रे, धान्य ठेवायला बांधलंय! शिसवी खांबाच्या बुडाशी पहार घातली. ज्याने तो खांब उभा केला त्या सुताराला आज हुडकायला कुठलंच मशीन नाही. तिकडे बीदर किल्ल्यातली माती चिमूटभर जिभेवर ठेवून बिदरी भांडी घडवणारे कारागीर तिचा गुण ओळखतात, तिच्याने धातू काळाभोर करतात, आणि त्यावर त्यांचं पोट चालतं. आमचे लोक अंगणातली माती टोपलीने बाजूला टाकतात, आत काही आहे का बघायला.

काकूंनी दोन दिवस चहा केला, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “मशीन आणलास तसं शिडी पण आणायचास की रे बाबा.”

शेवटी खड्डे बुजवले. धनाच्या राखणदाराचा कोप नको म्हणून दोन्ही लिंबं टाचण्यांसकट तुळशीजवळच्या खड्ड्यात पुरली आणि वर माती लोटली. दिवाळीत धाकट्या पातीचा पुतण्या येतोय. त्याचं मशीन दुबईचं आहे, टाचणीसुद्धा सोडत नाही म्हणतात.