आठ आण्यांचा युरोप

वास्को द गामाचे नाव लावून जगणाऱ्या गावाला युरोपचे अप्रूप राहू नये. पोर्तुगीज साडेचारशे वर्षे गोव्यात ठाण मांडून होते आणि 1961 च्या डिसेंबरात फौज येईपर्यंत त्यांनी निघायचे नाव काढले नाही. तेव्हा युरोप जायला तयार नव्हता. आता वास्कोकर तो स्वखुशीने, डाउन पेमेंट भरून, साठ हप्त्यांत घरी आणतो.

या गिऱ्हाइकाचा नमुना म्हणजे तारवटी. सहा-आठ महिने बोटीवर आणि उरलेले वास्कोच्या चिखलीत किंवा बायण्यात. पगार डॉलरमध्ये, सुट्टी एकगठ्ठा आणि रॉटरडॅमच्या धक्क्यावर पाहिलेली मोटारसायकल डोक्यात. घरी आल्यावर म्हातारीच्या हातची हुमणाची पहिली वाटी संपण्याआधीच तो शोरूमला फोन लावतो.

पहिली खरेदी तो बेताने करतो. जुलै 2018 मध्ये बीएमडब्ल्यूने जी 310 आर भारतात आणली, 2 लाख 99 हजारांना. टाकीवर म्युनिकचे निळे-पांढरे वर्तुळ होते. घडण मात्र तमिळनाडूतल्या होसूरची, टीव्हीएसच्या कारखान्यातली. त्याच इंजिनावर बेतलेली टीव्हीएसची स्वतःची अपाचे आरआर 310 त्याआधी सात महिने बाजारात आली होती, 2 लाख 5 हजारांना. मधल्या 94 हजारांत वास्कोत अख्खी स्कूटर आली असती आणि वर हेल्मेटचे पैसे उरले असते. तरीही वर्तुळवाली घेतली गेली, कारण तारवटी काही अपाचे दाखवायला बोटीवरून उतरत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये हीच बीएमडब्ल्यू बीएस-6 होऊन, सुधारून परत आली. किंमत 2 लाख 45 हजार. आधी घेतलेल्यांनी 54 हजार रुपये नेमके कशाचे दिले, हा हिशेब त्यांच्या बायकांनी अजून मिटवलेला नाही.

होसूरची म्हणून हिणवली गेल्यावर माणूस दुसऱ्या खेपेला अस्सलच्या मागे लागतो. अस्सल शोधणेही सोपे नाही. डिसेंबर 2023 मध्ये वागातोरच्या इंडिया बाइक वीकमध्ये इटलीच्या अप्रिलियाची आरएस 457 जाहीर झाली, 4 लाख 10 हजारांना. समुद्राचा वारा, संगीत, इटालियन लाल रंग, सगळे जमून आले होते. कारखाना तेवढा बारामतीचा. ब्रिटिश ट्रायम्फची स्पीड 400 चाकणची. केटीएमच्या लहान ड्यूकही चाकणच्याच.

केटीएमच्या मोठ्या गाड्या मात्र खरोखर ऑस्ट्रियातून येणार होत्या. 2019 च्या सप्टेंबरात त्यांची 790 ड्यूक आली, 8 लाख 64 हजारांना, आणि बीएस-6 चे नियम लागू होताच वर्षाच्या आत यादीतून गेलीही. मग 14 नोव्हेंबर 2024 ला कंपनीने पुन्हा मोठ्या गाड्यांचा ताफा उतरवला. त्यातली 1390 सुपर ड्यूक आर 190 अश्वशक्तीची, किंमत 22 लाख 96 हजार. बरोबर पंधरा दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, केटीएम एजीने ऑस्ट्रियाच्या कोर्टात नादारीचा अर्ज दिला. मॅटिगहोफेनचा कारखाना थंडावला. फेब्रुवारी 2025 मध्ये धनकोंनी शंभरातल्या सत्तर युरोंवर पाणी सोडल्यासारखी मान डोलावली, बजाजने 80 कोटी युरोंची व्यवस्था केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताबाही घेतला. पुण्याची नको म्हणून ज्याने ऑस्ट्रियाची घेतली, त्याची कंपनी आता आकुर्डीहून चालते.

पण अस्सल युरोपची खरी गंमत सरकारी पावतीवर दिसते. 2025 च्या अर्थसंकल्पात 1600 सीसीपर्यंतच्या आयात मोटारसायकलींवरचे शुल्क 50 वरून 40 टक्के झाले. वागातोरपासून वास्कोपर्यंत आनंद झाला. सप्टेंबरात जीएसटीची नवी रचना आली. 350 सीसीच्या वरच्या गाडीवर अधिभारासह 31 टक्के होते, ते सरळ 40 झाले. आता पाटीवर मांडून पाहावे, किरकोळ आकार सोडून. शंभर रुपयांची गाडी, 50 टक्के शुल्क, वर 31 टक्के कर: 196 रुपये 50 पैसे. तीच गाडी, 40 टक्के शुल्क, वर 40 टक्के कर: 196 रुपये. जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी, अर्थमंत्र्यांचे भाषण, जीएसटी परिषदेची बैठक आणि तारवट्याच्या पदरात शेकडा आठ आणे. इतक्या अचूक समतोलासाठी कोणाला तरी पुरस्कार द्यायला हवा.

गाडी दारात आली की तिचा आहार पाहावा लागतो. युरोपात टाकीच्या झाकणापाशी ई5, ई10 असे गोल शिक्के असतात: पेट्रोलात इथेनॉल पाच किंवा दहा टक्क्यांपर्यंतच चालेल. वास्कोच्या पंपावर ई20 मिळते. पंपावरचा पोरगा हा शिक्का वाचत नाही आणि वाचला तरी त्याच्याकडे दुसरी नळी नाही.

शिवाय वास्कोची हवा. समुद्राचा खार, बंदरातल्या कोळशाची काळी पूड आणि जूनपासून चार महिने पाऊस. मालक बोटीवर, गाडी कव्हराखाली. चावी खिशात ठेवूनच सुरू होणारी गाडी उभ्या जागी मालकाची वाट पाहत असते. तिचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ थेंबाथेंबाने बॅटरी पीत राहतात. पहिल्या स्वारीच्या दिवशी बटण दाबावे तर नुसती टिकटिक. नाक्यावरचा मिस्त्री स्प्लेंडरचे इंजिन डोळे मिटून उतरवतो, पण इथे पडद्यावरचा पिवळा दिवा घालवायलाही कंपनीचा संगणक लागतो. तो गोव्यात नसेल तर गाडी ट्रकवर चढते आणि अनमोड घाटाने बंगळूर पाहून येते. स्वतःच्या गाडीपेक्षा ट्रकवाल्याचे किलोमीटर जास्त झालेले मालक सापडतात. तोवर मालक बाजाराला जातो पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून, पिवळ्या मडगार्डच्या त्या गाडीवर, जी पावसात उभी असते आणि एका किकमध्ये सुरू होते.

दुरुस्त होऊन आली की श्रावणातला दामोदर सप्ताह लागलेला. फेरीमुळे रस्ते भरलेले, पहिल्या गिअरच्या वर जाता येत नाही आणि मागचे सिलिंडर मांडी शेकते. थांबल्यावर मागची सिलिंडरे आपोआप बंद ठेवण्याची सोय डुकाटीने आपल्या व्ही4 गाड्यांत केली आहे. म्हणजे भाजते हे त्यांनाही ठाऊक आहे.

इतके होऊनही पुढच्या सुट्टीसाठी तारवट्याने नवे नाव हेरले आहे. नॉर्टन. बर्मिंगहॅम, 1898. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत 1907 पासूनचा दरारा. शोरूममधल्या मुलाला त्याने खात्रीसाठी विचारले, "ही तरी अस्सल ब्रिटिश मा रे?"

"शंभर टक्के, सर," मुलगा म्हणाला. "एप्रिल 2020 मध्ये 1 कोटी 60 लाख पौंड मोजून टीव्हीएसने घेतली. पार्ट्सची काळजीच नको, होसूरहून येतील."