मोत्याच्या प्रकृतीचा खुलासा

लीड्स, भाऊबीज

ती. आई व ती. बाबा यांना,

लॅब्राडोर ही कुत्र्याची जात मूळची कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या न्यूफाउंडलंड बेटाची. तिथल्या कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणे, हा तिच्या पूर्वजांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंडात आली आणि १९०३ साली केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. लीड्सच्या घरातला मोत्या याच जातीचा, रंगाने काळाकुळकुळीत. समुद्राशी त्याचा संबंध उरलेला नाही. पण ओढून आणण्याची परंपरा तो निष्ठेने चालवतो. पायमोजे, टीव्हीचा रिमोट आणि शेजारच्या काकूंची बागकामाची चप्पल ही सध्याची मासळी.

या जातीचा दुसरा वारसा म्हणजे भूक. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मधल्या वेळेत भूक जास्त लागते आणि स्वस्थ बसल्यावर त्याची ऊर्जाही कमी खर्च होते, हे पुढच्या अभ्यासात दिसले. मोत्याची ही तपासणी झालेली नाही. बिस्किटांच्या डब्याचे झाकण वाजताच तो वरच्या मजल्यावरून ज्या वेगाने खाली येतो, तो पाहता तपासणीवर पैसे घालण्याची गरज वाटत नाही. म्हणून ‘त्याला पोटभर घालता ना?’ या साताऱ्याहून दर रविवारी येणाऱ्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर असे: त्याचे पोट भरते, त्याला ते पटत नाही.

अशा प्राण्याला मराठी स्वयंपाकघर धोक्याचे असते. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा फोडणीत परतलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडतात आणि त्याची लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला झेपत नाही. चॉकलेट जितके गडद, तितके वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉलने त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. आणि सर्वांत फसवे म्हणजे द्राक्षे, मनुका आणि बेदाणे. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडक्यात आडवा होतो. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे असा कयास मांडला. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, त्यामुळे चिंच-गुळाची आमटीही त्याच्या पानातून बाद झाली.

धनत्रयोदशीच्या रात्री अडीच वाजता साताऱ्याचा फोन का खणाणला आणि ‘चिवड्यात बेदाणे किती?’ हा प्रश्न का विचारला गेला, त्याचे कारण वरील परिच्छेदात आहे. फराळाचा डबा दुपारी पोचला आणि टेबलावर राहिला. संध्याकाळी चिवड्याची पिशवी रिकामी, बेसनाचे लाडू निम्मे आणि मोत्या अत्यंत प्रेमळ, अशी परिस्थिती आढळली. दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी त्याचे वजन केले आणि पोटात किती ग्रॅम बेदाणे गेले असावेत, असे विचारले. इंग्लंडात तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. झोपेतून उठून आईंनी दिलेली माहिती अचूक होती: लाडवावर प्रत्येकी एक, आणि चिवड्यात ‘हाताला येतील तेवढे’. हे दुसरे माप दवाखान्याच्या संगणकात भरता येईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी भरपूर असे धरून चालायचे ठरवले.

अशा वेळी उपचार ठरलेला असतो. खाल्ल्याला फार वेळ झाला नसेल, तर ॲपोमॉर्फिनचे इंजेक्शन देऊन कुत्र्याला उलटी करवतात, शिरेतून सलाइन देतात आणि पुढचे दोन-तीन दिवस रक्त तपासून मूत्रपिंडांवर लक्ष ठेवतात. मोत्याच्या उलटीत बेदाणे, शेंगदाणे, डाळे आणि कढीपत्ता अशा क्रमाने सगळा ऐवज बाहेर आला. खोबऱ्याचे काप पाहून नर्सने हे कोणते औषध आहे, अशी चौकशी केली. त्याचे रक्त तीनही वेळा स्वच्छ निघाले. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा बाबांचा सल्ला मात्र या प्राण्याला लागू नाही. जास्त मिठाने कुत्र्याला वेगळीच विषबाधा होते.

ज्यांच्याकडे पाहून माणसांचेच रक्त आटते, असे काही प्रकार मात्र निरुपद्रवी असतात. मान ताणून, डोळे विस्फारून कुत्रा नाकातून घोरल्यासारखी हवा आत ओढू लागतो, तेव्हा तो गुदमरला असे वाटते. ही उलटी शिंक असते आणि मिनिटभरात थांबते. थंडगार पाण्यात पोहल्यावर दुसऱ्या दिवशी लॅब्राडोरची शेपटी ओल्या दोरीसारखी लोंबते. ती मोडलेली नसते, तिच्या मुळाशी असलेले स्नायू दुखावलेले असतात; ती दुखते खरी, पण विश्रांतीने बहुधा काही दिवसांत पुन्हा हलू लागते. झोपेत पाय झाडणे आणि बारीक भुंकणे हे बहुधा स्वप्न असते, फिट नव्हे. कपाळ गरम लागणे हाही ताप नव्हे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या हाताला तो बाराही महिने तापलेलाच लागतो. खरे तापमान मोजण्याची जागा कपाळाच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे.

याउलट काही लक्षणांना सकाळपर्यंत थांबणे नाही: पोट ढोलासारखे फुगणे आणि ओकाऱ्या येऊनही काहीच बाहेर न पडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, लघवी अडणे, फिट न थांबणे. यांपैकी पहिल्यात जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे घटकेचाही हिशेब असतो. या सर्व प्रसंगी घरातली औषधपेटी बंद ठेवावी. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, पॅरासिटॅमॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत. हळद-दुधाने घसा सुधारण्याऐवजी पोट बिघडण्याचा संभव अधिक, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही.

कुत्रा चावल्यावरच्या पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा प्रश्न बाबांनी दोनदा विचारलेला आहे. ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या रेबीजच्या जुन्या लशीची होती. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि आता लस दंडावर, मोजक्या खेपांत देतात. ब्रिटनमधील कुत्र्यांत रेबीज पिढ्यान्‌पिढ्या नाही. साताऱ्यात मात्र भटका कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घेण्याला आजही पर्याय नाही. मोत्यापासून संभवणारी इजा निराळ्या प्रकारची आहे: तो आनंदाने अंगावर येतो आणि त्याचे वजन बत्तीस किलो आहे.

कायद्याचेही थोडे. इंग्लंडात २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा आकडी क्रमांकाची चिप सक्तीची आहे. सार्वजनिक ठिकाणी त्याच्या पट्ट्यावर मालकाचे नाव-पत्ता लागतो. सरकारी आरोग्यसेवा माणसांना फुकट आहे, कुत्र्यांना नाही. परिणामी या घरात दवाखान्याचे बिल फक्त मोत्याच्या नावाने येते आणि विम्याचा हप्ताही. फटाके साधारण रात्री अकरापर्यंतच उडवता येतात. दिवाळीला मात्र ही मुभा पहाटे एकपर्यंत आहे. गाय फॉक्सची ५ नोव्हेंबरची रात्र आणि दिवाळी लागोपाठ आली की मोत्याचा मुक्काम जिन्याखाली असतो. तिथे त्याची चादर घालून, पडदे ओढून, वर मोठ्या आवाजात गाणी लावून ठेवली, की सोबतीला कोणीतरी एक जण तिथेच बसतो. यंदा पाळी नातवाची होती आणि गृहपाठही तिथेच झाला.

आनंदाची यादी याहून लांब आहे, पण ती रोजचीच असल्याने फोनवर येत नाही. पावसात, अंधारात, डिसेंबरात, राउंडहे पार्कमधल्या वॉटरलू तळ्याभोवती रोज फेरी होते, कारण मोत्याला सबब चालत नाही. जी मंडळी दहा वर्षे शेजारी राहूनही हवेपलीकडे बोलली नसती, ती आता गुडघेदुखीपासून मुलाच्या घटस्फोटापर्यंत सगळे सांगतात. तिथे कोणालाच कोणाचे नाव माहीत नसते; घरच्या सूनबाई ‘मोत्याची आई’ आणि समोरचे निवृत्त रेल्वेकामगार ‘बेलाचे बाबा’. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांतही ऑक्सिटोसिन वाढते. आईला बाळाविषयी माया वाटण्यात वाटा असलेले संप्रेरक तेच. संध्याकाळी कामावरून येणाऱ्याला दारातच त्याचा एक डोस मिळतो, मग चहा. मुलांची भांडणे मोत्या मध्ये येऊन आडवा झाला की मिटतात, कारण त्याला ओलांडून मारता येत नाही.

वसंतात आई-बाबा येतील तेव्हा सकाळची फेरी बाबांकडे राहील. खिशात पिशवी असावी. कुत्र्याच्या मागे जे राहते ते उचलावे लागते, न उचलल्यास दंड होतो आणि ‘मोत्याचे आजोबा’ म्हणून नाव तळ्याभर होते. आईंना विनंती एवढीच, की पुढच्या दिवाळीचा चिवडा बेदाण्यांशिवाय करावा आणि लाडवावर काजू लावावा.