बनावट खात्याआडच्या बहाद्दराला खुले पत्र

बहाद्दरा,

देवासच्या गणेशोत्सवात नाटकात काम केलेल्या आमच्या नात्यातल्या मुलीचा फोटो तू उचललास. तिच्याच नावाने खातं उघडलंस आणि घाणेरड्या मजकुराखाली तिचा मोबाइल नंबर टाकलास. रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. धारला तिच्या मामाच्या फोनवर तो मजकूर पोचला, तेव्हा घरच्यांनी आधी तिचाच फोन काढून घेतला आणि तिचा क्लास बंद केला. तू मात्र उजळ माथ्याने फिरतोस. नाव विचारलं की गोपनीयतेचा हक्क पुढे करतोस.

हक्क आहेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने मान्य केला. पण तो तिलाही आहे. तिची अब्रू चव्हाट्यावर मांडणाऱ्याने त्याच हक्काच्या आड दडायचं, हा शुद्ध निलाजरेपणा आहे.

नाव झाकून बोलण्याची मुभा टिकलीच पाहिजे. पालघरला २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-ए कलमाचा तिथे आधार घेतला, ते २०१५ साली न्यायालयाने रद्द केलं. घरातली मारहाण सांगणाऱ्या बाईला, गावातला घोटाळा उघड करणाऱ्याला आजही नाव झाकावं लागतं. तुझ्यासारख्यांमुळे त्यांचंच छप्पर उडतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची सक्ती मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर केली. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एका चोरापायी अख्ख्या गल्लीची कुलपं तोडणं मला मान्य नाही. ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचीच माहिती पोलिसांनी कायदेशीर मार्गाने मागावी आणि कंपनीने ती विनाविलंब द्यावी.

आणि कायदा दुबळा आहे असं समजू नकोस. बाईचा इंटरनेटवर पाठलाग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्याची ओळख चोरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी खाली तेवढीच.

आता दोन शब्द धार-देवासच्या आईबापांना. मुलीचा फोन काढून घेऊ नका. स्क्रीनशॉट आणि खात्याची लिंक जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि ठाण्यात तिच्यासोबत जा. मान खाली घालायची असेल तर ती या बहाद्दराने घालावी, तिने नव्हे.