आकडा रांगेत नसतो

अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखान्यापुढे उसाचे ट्रॅक्टर रांगेला लागले, की एक गोष्ट पक्की: जितकं ताटकळाल, तितका नंबर जवळ येतो. हेच शहाणपण मटक्याला लावणारे गणिती चहाच्या टपरीवर कुठेही भेटतात. "दहा बाजार झाले, सात आलाच नाही. आज येणारच!" वहीच्या पानावर दहा आकडे लिहिलेले, सातची जागा मोकळी, बोट तिथंच टेकलेलं.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा खेळ न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालायचा; पुढे मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. आकड्यांना स्मरणशक्ती मात्र कुणीच दिली नाही. शून्य ते नऊ यांतला ठरावीक आकडा सलग १० वेळा न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे सात रुसलेला नाही, हे नेहमीचंच आहे. अकराव्या खेपेलाही त्याची संधी दहात एकच, तीही सोडत सचोटीची असेल तर. लागला तर रुपयाला नऊ! दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून बघा: दहा देऊन नऊ हातात.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमचा नंबर लागेल. सात रांगेत उभाच नाही.