ओलॉलचा डाव

लातूर पॅटर्नच्या मुलखात 'खेळ' हा शब्द शिवीच्या जवळपास जातो. शिकवणीतल्या पोराच्या हातात पत्ते दिसले, तर बाप आधी पत्ते फाडील, मग पोराला.

तरी माझं म्हणणं आहे, बी. फार्म.च्या पोरांना फार्माकॉलॉजी पत्त्यांवर शिकवा. चौथं, पाचवं, सहावं अशी तीन सेमिस्टर हा विषय पोरांना पिळतो. पाठ करून पेपर निघतो, औषध डोक्यात राहत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दीत लातूरही येतं. अभ्यासक्रम एकच, म्हणून दोन्हीकडं पत्त्यांच्या एकेका कॅटवर भागेल.

डाव सोपा आहे. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल; शेपटीला 'ओलॉल' दिसलं की बीटा ब्लॉकर. तीन जमले, लागला सेट. एवढ्यात समोरचा दम्याच्या पेशंटचं पान टाकतो. त्यावर ज्यानं प्रोप्रॅनोलॉल उतरवलं, तो बाद! बीटा-२ अडलं की श्वासनळ्या आवळतात, हे त्याला आता कुणी सांगायला नको. आणि शेपटीवर फार विसंबणाऱ्यांसाठी जोकरही आहे. स्टॅनोझोलॉलच्या शेवटीही ओलॉलच, पण निघतं ॲनाबॉलिक स्टेरॉइड.

"खेळानं शिस्त बिघडते," म्हणणाऱ्या सरांनी फार्मसी कौन्सिलचा अभ्यासक्रम उघडावा. प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवा, असं त्यातच छापलंय. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेलं 'एक्सफार्म' त्याच जातीचं सॉफ्टवेअर. पडद्यावरच्या सशाच्या डोळ्यात थेंब टाकायचा, बाहुली आक्रसते की फाकते ते बघायचं. म्हणजे खेळ चालूच आहे, नाव 'प्रॅक्टिकल' ठेवलं म्हणून कुणाची हरकत नाही.

खरी हरकत घ्यायची, तर एका जुन्या खेळावर घ्या. मेडिकल दुकानाच्या भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर औषध देणारा दुसराच. पहिल्याला महिन्याचं भाडं, दुसऱ्याला दम्याचा पेशंट. पत्त्यांत चुकलं तर डाव जातो. इथं चुकलं तर काय जातं, ते त्या पेशंटच्या घरच्यांना विचारा. नोंदणीकृत फार्मासिस्टनंच औषध द्यावं, असं १९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं.

आधी तो खेळ बंद करा. मग पोरांच्या हातातले पत्ते खुशाल फाडा.