मार्गदर्शकाकडील रिक्त जागेस अनावृत पत्र

प्रति,
माननीय रिक्त जागा महोदया,
द्वारा : मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक (असल्यास),
जिल्हा सातारा व सांगली.

विषय : एकदा तरी दर्शन देण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, कृष्णेच्या खोऱ्यातील दोन जिल्ह्यांतले पदव्युत्तर पदवीधर प्रदीर्घ काळ महोदयांच्या शोधात असून, त्यांच्या विषयांत संशोधन कधी सुरू होईल हे सांगता येत नसले, तरी महोदयांच्या ठावठिकाण्याविषयीचे त्यांचे संशोधन मात्र बरेच पुढे गेलेले आहे. एका मार्गदर्शकाला एका वेळी जितके संशोधक विद्यार्थी स्वीकारता येतात, त्यांपैकी न भरलेली संख्या म्हणजे रिक्त जागा, अशी महोदयांची शास्त्रशुद्ध व्याख्या करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ही मर्यादा प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ आणि सहायक प्राध्यापकास ४ अशी ठरवून दिली आहे. त्यामुळे कागदावर महोदयांचा जन्म साध्या वजाबाकीतून होतो. प्रत्यक्षात त्यांचे आगमन, वास्तव्य आणि प्रयाण या तिन्ही घटना बहुधा एकाच दिवशी घडतात आणि उमेदवाराला त्यांची वार्ता दुसऱ्या दिवशी कळते.

शोधाच्या भूगोलाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सांगली जिल्हा आणि साताऱ्याचा मोठा भाग १९६२ मध्ये कोल्हापुरास स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतो. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ, म्हणजे एकाच संस्थेची जवळपासची महाविद्यालये एकत्र करून घडवलेले विद्यापीठही आहे. जत किंवा माण तालुक्यातील उमेदवाराला या व्यवस्थेचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागत नाही, ते एस.टी.च्या तिकिटांवरूनच होते. विभागात पोहोचल्यावर होणारा संवाद इतका ठरलेला असतो की त्याचा छापील नमुना उपलब्ध करून दिल्यास उभयपक्षी वेळ वाचेल. "सर, जागा आहे का?" असे उमेदवार विचारतो. "आत्ताच भरली, पुढच्या वेळी बघू, सिनॉप्सिस तेवढा देऊन ठेवा," असे उत्तर येते. सिनॉप्सिस म्हणजे प्रस्तावित संशोधनाचा आराखडा. तो ज्या कपाटात ठेवला जातो, तेथे महोदयांच्या प्रतीक्षेत असलेले आराखडे वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदतात.

महोदयांच्या या लाजरेपणामागचे कारण शोधू गेल्यास एक विलक्षण विसंगती हाती लागते. नियमानुसार मार्गदर्शक होण्यासाठी शिक्षक पूर्णवेळ आणि नियमित असावा लागतो, त्याच्या नावावर ठरावीक शोधनिबंध असावे लागतात आणि सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरला असल्यास त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. यातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहता शहाणपणाची आहे, हे मान्य करावेच लागेल. अडचण अशी की, राज्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत नियमित पदांची भरती वर्षानुवर्षे रखडत गेल्याने अनेक वर्गांचा भार 'सीएचबी'वर, म्हणजे घड्याळी तासिकेच्या दराने मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर येऊन पडला आहे. या शिक्षकांपैकी कित्येक जण स्वतः पीएच.डी. झालेले असतात, तेच तास घेतात आणि तेच पेपर तपासतात. पण मार्गदर्शक म्हणून त्यांचे नाव लागत नाही. जुना शिक्षक निवृत्त होतो, त्याचे पद रिक्त राहते आणि त्याच्याबरोबर त्याच्याकडील संशोधनाच्या जागाही जातात. सारांश, पदे रिक्त असल्यामुळे जागा रिक्त नाहीत. अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र या दोन्ही विद्याशाखांना हा प्रबंधाचा उत्तम विषय ठरेल, फक्त त्यासाठी मार्गदर्शक मिळाला पाहिजे.

महोदयांपर्यंत पोहोचण्याचा राजमार्ग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे, असे उमेदवारांना सांगितले जाते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेचा निकाल जून २०२४ पासून तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे बोलीभाषेतील जेआरएफ, मिळते. दुसरा गट सहायक प्राध्यापकपदास आणि पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतो. तिसऱ्या गटाला केवळ पीएच.डी.चे दार उघडते. या शेवटच्या दोन गटांसाठी परीक्षेतील कामगिरीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असून हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. ज्या विषयात त्या वर्षी कोणत्याही मार्गदर्शकाकडे महोदया उपस्थित नसतात, त्या विषयातील गुणांना वय होते, मुलाखत होत नाही. जेआरएफच्या पत्राची मुदत तीन वर्षांची असल्याने जेआरएफधारकांची काळजी किंचित सावकाश वाढते, एवढाच काय तो फरक.

राज्याच्या योजनांत हे वर्तुळ अधिक सुबक आहे. अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागास, विमुक्त व भटक्या समूहांसाठी महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात, आणि ती मागण्यासाठी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते. नोंदणीसाठी मार्गदर्शक लागतो. मार्गदर्शकाकडे गेल्यावर कोणत्याही विनियमात न छापलेला एक प्रश्न पुष्कळदा समोर येतो, तो असा की, फेलोशिप आहे का? प्रश्न दुष्टपणाचा नसतो. ज्याला पोटापाण्यासाठी मध्येच काम सोडून जावे लागेल, त्याच्यावर आपल्या चारांतली एक जागा का खर्चावी, एवढाच त्यातला व्यवहार असतो. तथापि परिणाम असा होतो की, निधी मिळण्यासाठी जागा दाखवावी लागते आणि जागा मिळण्यासाठी निधी दाखवावा लागतो.

आता निधीचे. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये अशी आहे. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता वेगळा. भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग पाडलेले असून त्यांत सांगली वाय आणि सातारा झेड आहे, म्हणजे तोच विषय सांगलीत बसून अभ्यासणाऱ्यास साताऱ्याच्या दुप्पट दराने घरभाडे मिळते, ज्याचे समाधान सातारकर बहुधा अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या फुकट हवेत मानत असावेत. रक्कम खात्यात येण्यापूर्वी संस्थेतील एका कर्मचाऱ्याने प्रणालीत माहिती भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची असते. पहिला रजेवर गेला तर माहिती भरली जात नाही, दुसरा गेला तर भरलेली मंजूर होत नाही, आणि दोघेही हजर असले तर सर्व्हर डाऊन असतो.

या दरम्यान उमेदवाराने जगावे कसे, याचे उत्तर त्याने दिलेल्या हमीपत्रात आहे. अधिछात्रवृत्ती चालू असताना अन्यत्र कोठेही पगारी नोकरी करणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले जाते. ही अट देशभर सारखी असली, तरी साताऱ्यात तिला एक खास चव येते, कारण 'कमवा आणि शिका' ही योजना ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्या भाऊराव पाटील यांची ही कर्मभूमी होय. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि त्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले. तेथील मुलांना राबण्याची लाज वाटू नये, अशी शिकवण होती. त्याच गावातल्या आजच्या संशोधकाने कमवायचे नाही, शिकायचे, आणि हप्ता कधी येईल ते विचारायचे नाही, अशी सुधारित आवृत्ती प्रचारात आलेली दिसते.

महोदयांच्या पूर्वपीठिकेचाही येथे विचार करणे अगत्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत 'भिवा' या नावाने दाखल झालेल्या विद्यार्थ्याने पुढे १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करारनामा केला, आणि दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळवून तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी, ही त्याची किंमत होती. त्या काळाला सुवर्णयुग ठरवण्याचा मोह मात्र आवरावा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्या विद्यार्थ्याला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले. आणि कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर करण्याच्या अटीमुळे १९२७ मध्ये हाती पडली. निधी मध्येच आटणे आणि पदवी रेंगाळणे हे आजचे शोध नव्हेत. फरक इतकाच की, बडोद्यात पैसे आधी देऊन काम नंतर मागितले गेले, आज कामाची नोंदणी आधी दाखवावी लागते आणि पैशाची वाट नंतर पाहावी लागते.

पीएच.डी. करून असे कोणते दिवे लावणार, या आशयाचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारला, तेव्हा चर्चा सारथीच्या अधिछात्रवृत्तींची संख्या २०० वर आणण्याविषयी चालली होती. त्याच महिन्याच्या २४ तारखेस बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी सामाईक चाळणी परीक्षा झाली आणि तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट, म्हणजे राज्याच्या सहायक प्राध्यापक पात्रता परीक्षेच्या, प्रश्नपत्रिकेशी जुळणारी निघाली. १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा झाली, तिच्यावरही आक्षेप घेत अनेकांनी बहिष्कार टाकला. ज्यांनी दिवे लावायचे, त्यांच्या निवडीसाठी आधीच जळून गेलेली वात पुन्हा वापरली जावी, यातील काटकसर वाखाणण्याजोगी आहे; संशोधनात मौलिकता हवी, हा आग्रह मात्र उमेदवारापुरताच ठेवलेला दिसतो.

सबब महोदयांना विनंती करण्यात येते की, त्यांनी विषयवार व मार्गदर्शकवार आपली संख्या अर्ज मागवण्यापूर्वी जाहीर करावी, जाहीर झाल्यानंतर किमान मुलाखतीच्या दिवसापर्यंत जागेवर थांबावे, आणि तोंडओळखीतून मिळालेल्या आमंत्रणावर परस्पर निघून जाऊ नये. महोदयांना प्रस्तुत मागणी मान्य नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे त्या पत्राची छायांकित प्रत पुढील अर्जास जोडता येईल.

कळावे.

महोदयांचा नम्र,
पात्र उमेदवार (प्रतीक्षा यादीतील)

सोबत : नेटचे गुणपत्रक (मुदत संपलेले), उत्पन्नाचा दाखला (तहसीलदारांचा, उत्पन्न नसल्याबाबत), जात वैधता प्रमाणपत्र, हमीपत्र, सिनॉप्सिसच्या तीन प्रती, आणि महोदया अस्तित्वात असल्याचे प्रमाणपत्र महोदयांच्या स्वाक्षरीने मिळताच सादर करण्यात येईल.